होरिआनाने कुणालाच सुधारलं नाही

होरिआना माझी नणंद. ऑकलंडला ती मोठ्या कंपन्यांतल्या साहेबांची लाइफ कोच होती: पहाटे उठा, राग गिळा, अमुक सोडा, तमुक धरा. साहेब सुधारायचे, बढती घ्यायचे आणि वर्षभरात पुन्हा उतरलेल्या चेहऱ्याने हिच्यासमोर येऊन बसायचे. शेवटी कंटाळून ती आमच्या किनाऱ्यावरच्या गावी परतली. भरल्या ताटावरून उठून आलीस, असं मी तिला तोंडावर सांगितलं.

गावातही लोक यायचेच. ती त्यांच्या हातात सोलायला रताळी द्यायची आणि म्हणायची, "आळस घालवायचाय? आधी त्याला विचार तरी, बाबा, तुझं म्हणणं काय?"

"आळसाशी गप्पा मारत बसलीस तर रताळी कोण सोलणार?" मी विचारायची.

"तू आहेस की, वहिनी!"

एका थंडीत तामाती आला. माझ्या थोरल्या दिरांचा, पीरिपींचा मुलगा. लाकूडतोडीच्या टोळीत मुकादम होता. पोरवयात घर सोडलं, ते पुन्हा बापाचा उंबरा ओलांडला नव्हता.

"आत्या, परवा धाकटीवर हात उगारला. मारलं नाही. पण ती अशी अंग चोरून उभी राहिली ना, मी बापापुढे राहायचो तशी. बायको पोरींना घेऊन माहेरी गेलीय. हा राग काढून टाक माझ्यातून."

होरिआनाने सुरी खाली ठेवली. "किती वर्षांचा आहे?"

"कोण?"

"राग."

"तुझं डोकं फिरलंय का?" तो हसला. मग तिची सुरी उचलून एक रताळं सोलायला लागला. "आठ. शेडमध्ये पट्ट्याने मारलं, तेव्हा मी आठ वर्षांचा होतो."

"मग त्या आठ वर्षांच्या पोराला मी बाहेर काढणार नाही. त्याला जे म्हणायचंय ते बापाला सांग. बाप दोन घरं सोडून राहतो."

तामाती दार आपटून निघून गेला. बापाकडे काही गेला नाही. आणि थंडी सरायच्या आत पीरिपी गेले.

मराएवर, म्हणजे आम्हा माओरींच्या गावाच्या सामाईक आवारात, सभाघराच्या ओसरीत त्यांची उघडी शवपेटी ठेवली. आमच्यात मेलेल्या माणसाशी बोलतात. लाडाने बोलतात, खडसावतातही. पण झाकण लागेपर्यंतच. तामाती येणार नाही, असं सगळे धरून चालले होते. मला त्याच्या पोरींची काळजी लागली होती. हे सगळं आता त्यांच्यावर निघणार, असं वाटत होतं.

शेवटच्या, पुरायच्या सकाळी तो फाटकाशी दिसला. कामावरच्या दोस्तांबरोबर, परक्या पाहुण्यासारखा. आतून बाईची हाक आल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नसतं. मयताच्या बहिणीने पेटीपाशी बसायचं, हाक दुसरीने घालायची, ही रीत. होरिआना तरीही उठली. जिवंत, मेलेले, सगळ्यांना बोलावून झालं, आणि तिचा आवाज चढला:

"ये, आठ वर्षांच्या लेकरा, तूही ये. तुला बाहेर ठेवून कुणी आत यायचं नाही."

तामाती दोस्तांना मागे टाकून पुढे आला. पेटीपाशी पोचला आणि बापावर ओरडलाच. "होडी सुटून वाहून गेली म्हणून? एका होडीसाठी एवढं मारलंत?"

माझा नवरा उठायला लागला. "सगळ्यांदेखत बापाला असं..."

"बोलू दे त्याला," होरिआना म्हणाली.

तो ओरडला, रडला, मग बापाच्या गार गालावर हात ठेवून बसला. "माझ्या पोरी तुम्ही पाहिल्याच नाहीत," म्हणाला. माझ्याही डोळ्यांना धार लागली.

गावातली पोरं झाकण उचलून आली.

"थांबा," होरिआना म्हणाली. अख्ख्या गावाचं ऐकून घेणारी ही बाई, पण तिचा असा चिरका आवाज मी कधी ऐकला नव्हता. "तामाती, त्या दिवशी मी शेडमागे कपडे वाळत घालत होते. सगळं ऐकलं. आणि घरात जाऊन रेडिओ मोठा केला."

तामाती तिच्याकडे वळला. "आली का नाहीस?"

"भ्याले. मलाही मारायचा तो."

हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. निदान कुणी कधी बोललं नव्हतं.

तामाती सरकला आणि चटईवर तिला जागा करून दिली. होरिआना भावाच्या तोंडाजवळ वाकली, आणि पन्नाशी उलटलेली ती बाई लहान पोरीसारखी त्याच्याशी भांडायला लागली. माझ्या नवऱ्याने पोरांना झाकण खाली ठेवायला सांगितलं.