कुंकवाचं पाणी

त्या उन्हाळ्यात देवापुढे बसले तरी मन ठरत नसे. हातात माळ असायची, पण कान बाहेर लागलेले, आज कोणाच्या घरून रडणं ऐकू येतं म्हणून. दर्यापूरजवळच्या एका खेड्यात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली होती. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आम्ही काही वकील-मास्तरांच्या बायकांनी मिळून तिथल्या गरिबांसाठी लहानसा दवाखाना काढला होता. अमरावतीचे एक वयस्कर डॉक्टर तिथे येऊन राहिले होते. साथीचं कळलं तशी त्यांच्या हाताखाली काम करायला मी गेले. जाऊन पाहते तर माणसं घरोघर मरताहेत आणि दवाखाना रिकामा!

मरीमाय कोपली आहे, औषध घेतलं तर आणखी कोपेल, असं गावाचं म्हणणं. विहिरीतले जंतू मरावेत म्हणून डॉक्टरांनी लाल औषध आणलं होतं. चिमूटभर बादलीत टाकून त्यांनी दाखवलं, तर गुलाबी झालेलं पाणी पाहून बायका किंचाळत मागे सरल्या. "इहिरीत रगत कालवून राहिले हे!" त्या खारपाण मुलखात गोड्या पाण्याची तेवढीच एक विहीर. गडीमाणसं काठ्या घेऊन तिच्याभोवती बसली. त्यांच्यापुढे चंद्राबाई माळीण. गावाबाहेर तिचा झेंडूचा मळा होता आणि मंगळवारी तिच्या अंगात मरीमाय येई. ती मला म्हणाली, "बाई, तुमी चांगल्या घरच्या. कावून आमच्या मायच्या आड येऊन राहिल्या? घरी जा."

मी गेले नाही. पण पुढे एका सकाळी दवाखान्याच्या अगदी समोरच्या घरातली तरणी सून गेली. तिचं अंगावरचं लेकरू तिला बिलगून होतं. आम्ही उंबऱ्याशी उभे होतो आणि आत कोणी येऊ देईना. मग मात्र माझा धीर सुटला. लिंबाखालच्या मरीमायच्या ठाण्यापाशी जाऊन मी मनातल्या मनात तिच्याशी भांडले. आई, ही लेकरं तुझी की माझी? तुझी असतील तर तुझं तू बघ. मी चालले. परत येऊन ट्रंक भरली आणि गाडी जुंपायला सांगितली. गावाला पुन्हा एकदा विनवावं म्हणून औषधाची बाटली हातात धरून डॉक्टर मला पोचवायला विहिरीपर्यंत आले.

तो मंगळवार होता. डफडं वाजत आलं आणि केस मोकळे सोडलेली, घुमणारी चंद्राबाई थेट माझ्या गाडीपाशी आली. तिनं बैलांचं जू धरलं. माझ्याकडे पाहत म्हणाली, "लेकरं माहीच हायेत. मंग तू कुठी चालली?"

ठाण्यापाशी मी तोंडातून शब्दही काढला नव्हता. ती डॉक्टरांकडे वळली. "टाक ते!" डॉक्टरांनी औषध विहिरीत सोडलं. पहिली बादली तिनं स्वतः ओढली. उन्हात पाणी फिकट गुलाबी चमकत होतं. "हे रगत नाई. हे माह्या कुंकवाचं पानी हाये. मी देऊन राहिली, प्या!" असं ओरडून तिनं ओंजळ तोंडाला लावली. काठ्या खाली पडल्या. त्या संध्याकाळी दवाखान्याच्या पायरीवर बसायला जागा उरली नाही. सर्वांत आधी आला तो त्या मेलेल्या सुनेचा नवरा, वांत्यांनी मलूल झालेलं लेकरू घेऊन. ते वाचलं.

साथ ओसरल्यावर मी चंद्राबाईला त्या दिवसाचं विचारलं. ती गोंधळून म्हणाली, "मले काईच आठोत नाई, बाई. मी तं तुमच्यावर रागातच व्हती."

मन अजूनही पुरतं शांत नाही. आईला यायचंच होतं, तर ती सकाळी का आली नाही? ती सून डोळ्यांपुढून हलत नाही. हा जाब मी रोज विचारते आणि उत्तर मिळत नाही. पण जाब विचारायला तिच्याच पायाशी बसावं लागतं, आणि तिथून उठले की पाय आपोआप दवाखान्याकडे वळतात. सगळं कळलं तरच काम करीन, हा हट्ट तेवढा तिनं काढून घेतला. आजाऱ्याच्या ओठाशी वाटी धरताना माझा हात आता कापत नाही. तो हात धरणारीला माझा नमस्कार.