एक्केचाळीस पायांची मापं

आमच्या सूनबाईला स्वयंपाक येत नाही, हे मी आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी तिचं कौतुक करायला लागले की सासू सुनेला घाबरते असं कोणी म्हणायला नको. भाजीत ती मीठ दोनदा तरी घालते, नाहीतर घालतच नाही. पण बंद पडलेलं काहीही तिच्या हातात द्या, रेडिओ, पंखा, शिवणयंत्र, संध्याकाळपर्यंत ते सुरू झालेलं असतं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने माझा मिक्सर उघडून जमिनीवर मांडला, तेव्हा मी नाक मुरडलं होतं. तो मिक्सर आजही फिरतो आहे.

मी स्वतः बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. तारा, खटके, लुकलुकणारे दिवे यांचं मला वावडं नाही. त्यामुळे ती काय करते हे घरात कोणाला थोडंफार कळत असेल तर ते मला. माझ्या मुलाला कळत नाही. तो चहा चांगला करतो.

सूनबाई कृत्रिम पाय बनवणाऱ्या कारखान्यात यंत्रं सांभाळते. इस्पितळाच्या मागची ती लांबट इमारत. एका टोकाला प्लास्टरची खोली, मध्ये साचे कोरणारं यंत्र आणि दुसऱ्या टोकाला दोन समांतर दांडे, ज्यांना धरून माणसं नव्या पायावर पहिली पावलं टाकतात. प्लास्टरच्या खोलीत मामा असतात. ते कोणाचेच मामा नाहीत, पण पस्तीस वर्षांत सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणायला लागला. उरलेला पाय ज्या वाटीत बसतो ते सॉकेट, आणि त्याचं माप घेणं हे मामांचं काम. पहिलं माप कधीच नेमकं बसत नाही. इथे घासतं, तिथे फोड येतो. मग मामा एखाद-दुसरा मिलिमीटर इकडचा तिकडे करत राहतात आणि आठ-दहा महिन्यांनी पाय अंगाचा होतो. ते शेवटचं माप संगणकात राहतं. सॉकेट तडकलं की यंत्र त्याच मापाचा नवा साचा कोरून देतं आणि माणूस पंधरा दिवसांत कामाला लागतो.

अशी सतराशे चाळीस माणसांची मापं एकाच जुनाट संगणकात होती. एका सकाळी त्याचा बोर्ड जळाला. मापांच्या नकला ज्या फ्लॉप्यांवर जपून ठेवल्या होत्या त्यांना बुरशी लागली होती.

त्याच आठवड्यात आमच्या भागातल्या टपालवालीचं सॉकेट तडकलं. गुडघ्याखालचा उजवा पाय तिने विशीतच गमावला होता, तरी रोज चार-पाच तास ती पत्रं वाटत फिरायची. आता कुबड्या घेऊन टपालाच्या खोलीत पत्रं लावत बसली. वरून तिला सांगण्यात आलं होतं, तीन महिने वाट बघू, नंतर तुझा भाग दुसऱ्याला देऊ. नव्याने माप घ्यायचं म्हणजे पुन्हा दहा महिने फोड आणि मलमपट्टी. "ताई, मला त्या स्टुलावर बसवून ठेवतील हो," ती सूनबाईला म्हणाली. "तिथे मी वेडी होईन."

सूनबाईने संगणकातली मापांची डिस्क बाहेर काढून बघितली. डिस्क शाबूत होती, तिला चालवणारं कार्डही शाबूत होतं. घोडं अडलं ते पुढे. ही डिस्क इतकी जुनी की ज्या कार्डाने तिच्यावर लिहिलं त्याच कार्डाला ती वाचता येते. ते कार्ड बसेल असा एक बोर्ड तिने शोधून आणला, पण आजच्या संगणकाला त्या कार्डाशी बोलताच येईना. संगणकाचा जो गाभा असतो, ज्याला कर्नल म्हणतात, त्याला प्रत्येक यंत्राशी कसं बोलायचं ते शिकवावं लागतं. शिकवणारा तो तुकडा म्हणजे ड्रायव्हर. या कार्डाचा ड्रायव्हर कोणाकडेच नव्हता.

"मग आता?" मी विचारलं.

"मग आता लिहायचा," ती म्हणाली, आणि भाजी करपवली.

पाच आठवडे आमचं जेवणाचं टेबल तिच्या ताब्यात होतं. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो. मूळ डिस्क तिने कारखान्यात कुलपात ठेवली आणि भंगारातून तसलीच एक रिकामी डिस्क प्रयोगाला आणली. कार्डाची माहितीपुस्तिका मिळाली तीही झेरॉक्सची झेरॉक्स, आणि मधली अकरा पानं गायब. त्या पानांवर काय असेल ते तिने कार्डाकडूनच काढून घेतलं. एक आकडा पाठवायचा, काय उत्तर येतं ते वहीत लिहायचं, की पुढचा आकडा. कर्नलमध्ये चूक झाली की नुसता तेवढा भाग बंद पडत नाही, अख्खा संगणक आडवा होतो. आमच्या टेबलावर तो दिवसातून वीस वेळा आडवा व्हायचा. ती कामावर जायच्या आधी दोन तास बसायची, आल्यावर हात धुऊन पुन्हा बसायची. तिच्या तोंडून एकदाही वैतागाचा शब्द आला नाही. माझ्या तोंडून पुष्कळ आले.

सहाव्या आठवड्यात ती मूळ डिस्कला हात लावायला तयार झाली. आधी दहा माणसांची मापं एकेक करून मागवली आणि कारखान्यात कागदावर जी दहा-बारा उरली होती त्यांच्याशी आकडा न् आकडा ताडून बघितली. सगळी जुळली. मग सतराशे चाळीस मापं एका दमात उतरवून घेतली. कार्डाने एकदाही चूक दाखवली नाही. डिस्क मात्र शेवटी शेवटी किंचाळायला लागली होती, म्हणून तिने लगेच बंद केली. कारखान्याच्या मोठ्या डॉक्टरबाईंनी सगळ्यांसमोर तिचा हात हातात घेतला. घरी कळल्यावर माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी वरच्या मजल्यापासून खालच्या दुकानापर्यंत सगळ्यांना सांगून आले.

दुसऱ्या दिवशी यंत्राने टपालवालीचा साचा कोरला. मामांनी तो हातात घेतला, डोळे मिटले, अंगठा फिरवला आणि खाली ठेवला.

"हा तिचा नाही."

"तिचाच आहे, मामा," सूनबाई म्हणाली.

"तिच्या गुडघ्याखाली आतल्या बाजूला हाड पुढे आलंय. तिथे मी जागा सोडली होती. इथे जागा कुठाय?"

सूनबाई तशी शांत, पण पाच आठवड्यांचा शीण होता. सगळ्यांसमोर ती भडकली. "मामा, कार्ड एकही चूक दाखवत नाहीये. तुम्हाला सतराशे पाय पाठ आहेत का?"

"पाठ नाहीत," मामा म्हणाले. "पण कार्डाला तरी पाय कुठाय?"

ती धुसफुसत घरी आली. मी आगीत तेलच ओतलं. म्हटलं, म्हाताऱ्याला यंत्राचं कौतुक बघवत नाही. चहा तसाच निवला. मग तिने उतरवलेली मापं उघडली आणि टपालवालीचं माप तिच्या आधीच्या क्रमांकाच्या मापाशेजारी ठेवलं. दोन्ही अगदी एक होती. दोन माणसांचे पाय शेवटच्या आकड्यापर्यंत सारखे कसे असतील? तिने संगणकाला अशा सगळ्या जोड्या शोधायला लावल्या. एक्केचाळीस निघाल्या. एक्केचाळीस माणसांच्या नावापुढे शेजाऱ्याचं माप लागलं होतं.

चूक कुठे झाली ते तिने मला समजावलं आणि मला चटकन कळलं, कारण आमच्याकडे नव्या ऑपरेटर मुली हेच करायच्या. नवा नंबर जोडायला सांगायचा आणि तो जोडला जायच्या आतच "झालं का?" म्हणून विचारायचं. पलीकडून मागच्याच कामाचं "झालं" ऐकू यायचं. कार्ड जुनं आणि सावकाश, नवा संगणक अचाट वेगवान. पुढचं माप दे असं सांगितल्यावर ते कार्डाच्या डोक्यात शिरायच्या आतच ड्रायव्हर विचारत होता, आणि कधीकधी मागचं माप पुन्हा घेऊन येत होता. तपासताना सूनबाईने एकेक माप मागितलं, मध्ये कागद बघायला थांबली, म्हणून दहाच्या दहा बरोबर आली. घाईत मागितल्यावर घोटाळा झाला.

"दुरुस्त होईल ना?" मी विचारलं.

"ड्रायव्हर होईल. डिस्क परत सुरू झाली तर."

"मग गुपचूप कर. सतराशेत एक्केचाळीस, कोणाला कळतंय?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "आई, मामांना मी सगळ्यांसमोर खोटं पाडलंय. आता ते खरे होते हेही सगळ्यांसमोरच सांगायला हवं."

मला लाज वाटली. ती मी इथे मुद्दाम लिहून ठेवते.

सकाळी मोठ्या डॉक्टरबाई, कोरणारे, शिवणारे सगळे जमले असताना तिने सांगितलं, "चूक डिस्कची नाही, कार्डाची नाही, माझ्या ड्रायव्हरची आहे. मामा बरोबर होते." हे सगळं मला मामांनीच नंतर सांगितलं, तिने नाही. मग आठवडाभर बसून तिने नवा ड्रायव्हर लिहिला. आता तो आधी कार्डाने ऐकल्याची खूण बघतो, मगच काम झालं का ते विचारतो. रिकाम्या डिस्कवर घाईघाईत हजारो वेळा वाचून बघितलं, तेव्हा कुठे तिने कुलूप उघडलं.

मूळ डिस्क सुरूच होईना. नुसती गुरगुरायची, फिरायची नाही. चकती आत चिकटली होती. तिला मनगटाने एकच हिसका द्यावा लागतो, पण जोर जरा जास्त झाला तर सगळं मुसळ केरात. सूनबाईने मामांकडे बघितलं. मामा पुढे झाले. अडकलेला साचा प्लास्टरमधून सोडवताना देतात तसा त्यांनी डिस्कला हलकासा हिसका दिला, आणि ती फिरायला लागली. प्रत्येक माप दोनदा वाचलं. चाळीस मिळाली. बेकरीवाल्या एका गृहस्थांचं मात्र मिळालं नाही, डिस्कचा तेवढा तुकडा खरोखरच गेला होता. सूनबाई स्वतः त्यांच्या दुकानात गेली आणि माफी मागून आली.

टपालवालीचा पाय बसवायच्या दिवशी मी हट्टाने कारखान्यात गेले. तीन महिने संपायला अकरा दिवस उरले होते. सूनबाई भिंतीकडे तोंड करून उगाच वायर गुंडाळत उभी होती. टपालवाली दांड्यांच्या मध्ये गेली, पहिली दोन पावलं दांडे धरून टाकली, मग हात सोडले. टोकापर्यंत गेली, वळली, परत आली.

"कुठे लागतंय?" मामांनी विचारलं. हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. त्याला नेहमी काहीतरी उत्तर येतं.

"कुठ्ठेच नाही," ती म्हणाली, आणि दांडे सोडून सरळ व्हरांड्यात चालत सुटली.

मामांनी आपली जाड वही काढली. प्रत्येक पायापुढे तिथे माप घेणाऱ्याची सही लागते, आणि पस्तीस वर्षं त्या जागी फक्त मामांचीच सही आहे. त्यांनी टपालवालीचं नाव लिहिलं, तारीख घातली आणि वही सूनबाईपुढे सरकवली.

"कर सही."

"मामा, माप तुमचं आहे."

"माझं होतं. हरवलं होतं. शोधून तू आणलंस."

तिने सही केली. अक्षर अगदी वाईट आलं. मी मोठ्याने म्हटलं, "माझी सून आहे ती!" सगळा कारखाना हसला, कारण ते सगळ्यांना आधीपासूनच माहीत होतं. सूनबाई मात्र हसली नाही. ती त्या सहीकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.