आपले चाळीस हजार

माणसाचा हिशेब बघितला की माणूस कळतो, असं मी वीस वर्षं सांगत आलोय. ऐकणारे माना डोलवतात, कारण ऐकणाऱ्यांना माझ्याकडून व्हॅटचा फॉर्म भरून घ्यायचा असतो. हव्वाबींनी मात्र कधी मान डोलावली नाही. त्या फक्त चष्मा कपाळावर ढकलून म्हणायच्या, "बरं बरं, भाऊ, चहा घ्या आधी."

हव्वाबी अबुधाबीजवळच्या मुसाफात कव्हरऑल शिवण्याचं वर्कशॉप चालवतात. कव्हरऑल म्हणजे रिफायनरीतले कामगार घालतात तो गळ्यापासून घोट्यापर्यंतचा सबंध पोशाख. बाई मूळच्या श्रीवर्धनच्या बाजूच्या, पंचावन्नच्या आसपासच्या, सातवी शिकलेल्या. नवरा टेलर होता. तो गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं, बाई आता गाशा गुंडाळणार. बाईंनी चाळीस दिवस पाळले आणि एक्केचाळिसाव्या दिवशी शटर उघडून दोन मशिनं वाढवली. आता सात टेलर आहेत. मी शेजारच्या मोहम्मद बिन झायद सिटीत राहतो, एका कंपनीत अकाउंट्स बघतो आणि शनिवारी सकाळी हव्वाबींचे कागद लावून देतो. फी म्हणजे चहा आणि आठवण राहिली तर सांदणं. आठवण बहुतेक वेळा राहते.

जुलैमध्ये त्यांच्याकडे मोठी ऑर्डर आली. रुवैसच्या रिफायनरीत काम करणारी एक कंपनी, मुख्यालय कॅनडात, कॅलगरीला. बाराशे कव्हरऑल, बासष्ट दिरहॅमला एक. तोवर बाईंनी कधी तीनशेच्या वर ऑर्डर घेतली नव्हती. कंपनीनं छोट्या पुरवठादारांसाठी ऑनलाइन शिबिर ठेवलं होतं, ते मी आणि हव्वाबींनी कटिंगच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून पाहिलं. कॅलगरीचा एक गोरा माणूस सांगत होता की छोटे धंदे तोट्यानं मरत नाहीत, हातातली रोकड संपल्यानं मरतात. पेमेंट येईपर्यंत कापड, पगार, भाडं कशातून भागवणार ते आधी कागदावर मांडा. मी बाईंना हे मराठीत सांगितलं.

"ह्ये सांगायला त्याला कॅनडात जायला लागलं?" हव्वाबी म्हणाल्या.

तरी मी कागद मांडलाच. तेरा आठवड्यांचा तक्ता, लाल-हिरव्या रकान्यांचा. कापडवाला नीरव पुढच्या तारखेचा चेक घेणार होता: अडतीस हजार चारशे, वीस ऑक्टोबरचा. कंपनीचं पेमेंट पंचेचाळीस दिवसांत, म्हणजे ऑक्टोबरच्या बारा-तेराला. मध्ये आठवडाभराची उसंत. पण समजा पेमेंट लांबलं तर? म्हणून मी विचारलं, "हव्वाबी, बँकेबाहेर रोकड काही आहे?"

"हाय ना. कपाटात चाळीस हजार असतील."

मी चाटच पडलो. चाळीस हजार दिरहॅम, म्हणजे चोवीसच्या भावानं नऊ लाख साठ हजार रुपये, एका लोखंडी कपाटात!

"आपलेच ना?"

"आपलेच की."

"बाहेरच्या कुणाचे नाहीत ना? नीट सांगा."

"बाहेरच्यांचे कशाला ठेवीन मी?"

मी खुशीत 'हातातली रोकड' या रकान्यात चाळीस हजार लिहिले. तक्ता वरपासून खालपर्यंत हिरवागार झाला. "घ्या ऑर्डर, बिनधास्त घ्या," मी म्हणालो. त्यांनी माझ्या शब्दावर ऑर्डर घेतली. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे मी ते सोयीनं विसरलो होतो.

माल वेळेवर गेला. बिल ऑगस्टच्या शेवटी गेलं. ऑक्टोबरची तेरा तारीख आली, पेमेंट आलं नाही. मी कंपनीला मेल पाठवला. सोळा तारखेला, गुरुवारी, उत्तर आलं. पंचेचाळीस दिवस मोजायचे ते बिलाच्या तारखेपासून नव्हे, कॅलगरीत मंजुरी मिळाल्यापासून. मंजुरी सप्टेंबरच्या मध्यावर मिळाली होती, तेव्हा तुमचं पेमेंट महिनाअखेरच्या फेरीत निघेल आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोहोचेल, धन्यवाद. करारात ते लिहिलेलंच होतं, पान नऊवर. मी पान नऊ वाचलं नव्हतं.

इथे चेक परत जाणं म्हणजे साधी गोष्ट नाही. पूर्वीसारखं लगेच आत टाकत नाहीत, पण खात्यात असेल तेवढं बँक काढून देते आणि उरलेल्यासाठी कोर्टाचा ससेमिरा लागतो. प्रवासबंदी लागू शकते. आणि बाजारात नाव जातं ते वेगळंच. हव्वाबींच्या खात्यात त्या दिवशी एकवीस हजार होते. सतरा हजार चारशे कमी. चेकला चार दिवस.

मी मात्र निवांत होतो. कपाटात चाळीस हजार होते ना!

शनिवारी वर्कशॉपवर पोहोचल्या पोहोचल्या म्हणालो, "चला, कपाट उघडा. सतरा हजार चारशे काढू, सोमवारी बँक उघडताच भरू, खलास."

हव्वाबींचा कात्री धरलेला हात थांबला. "त्ये कसे काढणार, भाऊ? त्ये लोकांचे हायेत."

"कुठल्या लोकांचे? तुम्हीच म्हणालात आपले आहेत म्हणून!"

"आपलेच. आपल्या माणसांचे."

त्यांनी कपाट उघडलं. आत कव्हरऑलच्या उरलेल्या कापडाच्या अकरा थैल्या होत्या, प्रत्येकीवर लाल दोऱ्यानं नाव शिवलेलं. मोईन. अहमद. फहद. सगळी त्यांच्या गावाकडची पोरं, रुवैसच्या कामगार कॅम्पवर राहणारी. खोलीत आठजण, बँकेत पैसे राहिले की खर्च होतात, म्हणून दर महिन्याला थोडे थोडे आणून हव्वाबींकडे ठेवतात. सुट्टीवर गावी जाताना थैली घेऊन जातात. अमानत, विश्वासानं सोपवलेली ठेव. सहा वर्षं हे चाललं होतं आणि मी दर शनिवारी त्या कपाटाला पाठ टेकून चहा प्यायलो होतो.

मी घाबरलो. आणि घाबरलो की मी चिडतो, हा माझा जुना रोग आहे.

"अहो, पंधरा दिवसांचा प्रश्न आहे! पेमेंट येणार हे नक्की आहे. आले की परत थैलीत."

"नाय."

"मग त्यांना विचारा. फोन करा मोईनला. नाही म्हणेल तो तुम्हाला?"

"नाय म्हणणार नाय. म्हणूनच विचारायचं नाय. ज्याला नाय म्हणता येत नाय, त्याला विचारणं म्हंजे काढून घेणंच की, भाऊ."

मी नीरवला फोन लावला. चेक पंधरा दिवस थांबवा म्हणालो. तो बिचारा हळहळला. "भाईसाब, चेक मेरे पास कहाँ है? वो तो बँक में डिस्काउंट करा दिया, पैसा भी उठा लिया. अब मेरे हाथ में कुछ नहीं." म्हणजे चेक सोमवारी लागणार म्हणजे लागणार. बँकेचं कर्ज? बँकेला दोन वर्षांचे ऑडिट केलेले हिशेब हवेत. टेलरांचे पगार परवाच झालेले. सगळी दारं मी एकेक करून वाजवली आणि पुन्हा त्या कपाटापाशी आलो. दोन तास बोललो. व्यवहार शिकवला, पाण्यात राहून कोरडं राहता येत नाही वगैरे सुनावलं. सातही मशिनं थांबली होती, टेलर माना खाली घालून बसले होते. हव्वाबी ऐकत होत्या. त्यांच्या वरच्या ओठावर घाम आला होता आणि मेजरटेप त्या बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, परत गुंडाळत होत्या. भीती त्यांनाही वाटत होती, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. चेकवर सही त्यांची होती.

शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "जाईल तर नाव माझं जाईल. त्यांचं काय जायला नको."

मी फायली आपटल्या आणि निघालो.

घरी दिवाळी तोंडावर आलेली. शोभना, माझी बायको, चकल्या तळत होती. मी ओट्याशी उभा राहून सगळं रामायण सांगितलं. बाई कशी हट्टी आहे, चाळीस हजार समोर असून कशी बुडायला निघाली आहे. आमची शुभ्रा टेबलावरून म्हणाली, "बाबा, शी इज राइट, यू नो." तिला मी गप्प केलं. शोभनानं चकल्या उलटल्या. घाणा काढला, गॅस बारीक केला आणि मग विचारलं, "आणि आपले?"

"आपले काय?"

"आपले बँकेतले बासष्ट हजार. ते नाही का सुचले तुम्हाला?"

खरं सांगतो, नव्हते सुचले. कंजूषपणानं मागे ठेवले असते तर निदान कबूल तरी केलं असतं. मला ते आठवलेच नव्हते. कॅम्पवर आठजणांच्या खोलीत राहणाऱ्या पोरांचे पैसे मी दोन तास तावातावानं मागत होतो. तक्ता माझा, पान नऊ न वाचणारा मी, आणि माझे पैसे मात्र माझ्या हिशेबात कुठल्याच रकान्यात नव्हते. मला शरम वाटली. चकली हातात होती ती खाववेना.

रविवारी सकाळी हव्वाबींना फोन केला. त्या आधी नको म्हणाल्या. मी म्हणालो, चूक माझी आहे. तेव्हा म्हणाल्या, "लिहून द्या, कधी परत करायचे ते." सतरा हजार चारशे मोबाइलवरून पाठवले. शोभनाला रुपयांत ऐकवले, "चार लाख सतरा हजार झाले." ती म्हणाली, "मला गुणाकार येतो." सोमवारी चेक वटला. त्यांच्या खात्यात शून्य उरलं, नाव राहिलं.

गोष्ट इथे संपली असती तर मी बरा माणूस ठरलो असतो.

पण मंगळवारी, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, माझ्या मनात आलं, कॅलगरीवाल्यांनी आणखी काही खुसपट काढलं तर? मी हव्वाबींना फोन केला. "काही कळलं का पेमेंटचं?" "नाय भाऊ, महिनाअखेरीस ना?" बुधवारी परत केला. गुरुवारपासून सकाळी एक, दुपारी एक. ऑफिसात बसून बँकेचं ॲप उघडायचो, जसे काही पैसे आपण होऊन चालत येणार. बाई उद्या आजारी पडल्या तर? लायसन्सचं काही झालं तर? कागदावर सही घेतली होती, तो कागद मी तीनदा काढून वाचला. शोभना म्हणाली, "दिलेत ना? मग आता सोडा." सोडवत नव्हतं. इन्शाल्ला म्हणणाऱ्या लोकांची मी जन्मभर थट्टा केली, आता तोंडात दुसरा शब्द नव्हता.

पुढच्या शनिवारी मी वर्कशॉपवर होतो, कागद बघायला कमी आणि बाईंवर नजर ठेवायला जास्त. रुवैसहून मोईन आला. तिशीचा, उन्हानं रापलेला, पाइप फिटर. त्यानं खिशातून पाचशेची नोट काढली, "चाची, हे ठेवा," म्हणाला आणि चहा प्यायला बसला. हव्वाबींनी नोट थैलीत टाकली. त्यानं थैलीकडे वळूनही पाहिलं नाही. मला राहवेना.

"किती झाले रे तुझे?"

"चाचीला ठाऊक."

"तू मोजत नाहीस?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अभद्र बोललो होतो. मग कपबशी विसळून ठेवली आणि बस पकडायला गेला. सहा वर्षांत या माणसानं एकदा आकडा विचारला नव्हता. मी त्या सकाळी निघण्यापूर्वी दोनदा फोन केला होता.

चार नोव्हेंबरला पेमेंट आलं, पूर्णच्या पूर्ण. दहा मिनिटांत माझे सतरा हजार चारशे माझ्या खात्यात परत. कितीतरी दिवसांनी मी नीट जेवलो. इतका हलका झालो की अंगात औदार्य आलं. त्याच आठवड्यात कंपनीनं नवी ऑर्डर देऊ केली, दोन हजार नगांची. शनिवारी मी नवा तक्ता घेऊनच गेलो. या वेळी पान नऊ पाठ होतं. "मध्ये वीस हजारांची खोट येते," मी सांगितलं, "पण काळजी नको. ते मी देतो. या वेळी आधीपासून धरून चाला."

हव्वाबी खडूनं कापडावर रेघ मारत होत्या. रेघ पूर्ण केली.

"नको, भाऊ."

"का? व्याज थोडंच मागतोय!"

"तुम्ही लई उपकार केलेत. अल्ला तुम्हाला बरकत देवो." मग मला वाईट वाटू नये अशा बेतानं त्या म्हणाल्या, "पण तुमचे पैसे लई महाग पडतात ओ. तुमचा फोन वाजला की माझी छाती धडधडायची. चेकाची भीती एक दिवसाची होती. ही पंधरा दिवस होती."

तक्ता हातातच राहिला.

"मग ऑर्डरचं काय करणार?"

"कळवलं मी त्यांना सकाळी," हव्वाबी म्हणाल्या आणि कात्री उचलली. "चारशे शिवून देते म्हटलं. माझ्याच पैशात तेवढेच बसतात."