हवेशीररावांची पाठ

शहर मोठं आणि स्वस्त. दुसरीकडे एका खोलीला पडतं तेवढ्या भाड्यात इथे तीन खोल्यांचा फ्लॅट मिळतो, म्हणून माणसं बायकामुलांसकट आणि गाद्यांसकट येतच असतात. त्यांना घर मिळवून देणाऱ्या एका दलालाला रस्त्यावर कुणी खऱ्या नावाने हाक मारत नसे. जिन्याखालची खोली असो की तळघर, आत पाऊल टाकताच "काय हवेशीर आहे बघा!" हे त्याचं ठरलेलं वाक्य. म्हणून तो हवेशीरराव.

कुठलं घर कधी दाखवायचं हे हवेशीररावांना पक्कं ठाऊक होतं. खालचा सुतार जेवायला गेला की वरचा फ्लॅट दाखवायचा. आत शिरल्यावर आधी खिडकी उघडायची आणि बोलणं थांबू द्यायचं नाही. भिंतीला ओल असेल तर खुशाल तिच्यापुढे जाऊन उभं राहायचं. देवाने त्यांना पाठ चांगली कपाटाएवढी दिली होती, ती अशी कामाला यायची. खोटं ते बोलत नसत. कुणी विचारलं तर ओल आहे म्हणून सरळ सांगत. पण विचारायला आधी ती दिसायला तर हवी!

स्वतः मात्र लग्नापासून लॉन्ड्रीच्या वर दोन खोल्यांत राहत. तिथली एकुलती एक खिडकी समोरच्या भिंतीवर उघडायची. तीही जागा त्यांनी नव्या नवरीला हवेशीर म्हणूनच दाखवली होती. बायको चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची, तिच्या नजरेतून सहसा काही सुटत नसे. त्या दिवशी सुटलं, आणि ते ती अजून विसरली नव्हती.

यंदा हवेशीररावांच्या थोरल्या भावाची बदली झाली आणि त्याच्याकडे राहणाऱ्या आईचं काय, हा प्रश्न आला. गुडघ्यांमुळे आईचं बाहेर जाणं बंद झालं होतं. इथे दोन मुलींचेच पाय एका टेबलाखाली मावत नव्हते. महिनाअखेरपर्यंत जागा मिळाली नाही, तर आई लांबच्या एका मावशीकडे जाणार होती. ते आईला नको होतं, आणि सुनेला तर मुळीच नको होतं.

"आईंना आपल्याकडेच आणायचं," ती म्हणाली. "त्यांना वेगळी खोली द्यायची. आणि खिडकी. खरी खिडकी!"

शहरात घरांना तोटा नव्हता, पण हवेशीररावांना एकही पसंत पडेना. प्रत्येक घराची अंडीपिल्ली त्यांना माहीत. इथला नळ रात्रभर रडतो, तिथे वरच्या मजल्यावरचा माणूस ट्रम्पेट शिकतो.

"लोकांच्या गळ्यात हीच घरं मारता ना?" बायको वैतागली. "मग आताच कसली नाकं मुरडताय?"

"अगं, लोकांना नुसतं दाखवायचं असतं. आपल्याला राहायचंय."

बायकोने भुवया उंचावल्या. आपण काय बोललो ते हवेशीररावांना ऐकू आलं, आणि ते कान खाजवत बाहेर पडले.

महिना संपत आला तेव्हा एका निवृत्त नर्सबाईंचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट कळला. बाईंनी दार उघडलं आणि पेशंटची माहिती द्यावी तशी सुरुवात केली. "लिफ्ट आहे, पण लहरी आहे. नळाला सकाळी खोकला येतो. मागच्या खोलीत ओल आहे, दोनदा उपचार केले, पुन्हा उलटली."

हवेशीररावांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मालकीण आपणहून एवढं सांगते, म्हणजे याहून मोठं काहीतरी लपवत असणार! त्यांनी भिंती ठोकून पाहिल्या, वॉचमनला खोदून विचारलं, शेजारणीचं डोकं खाल्लं. काही म्हणता काही निघालं नाही. शेवटी ते मागच्या खोलीच्या खिडकीपाशी येऊन थांबले. खाली शाळेचं मैदान होतं, मुलं ओरडत होती, आणि सकाळचं ऊन पार पलंगाच्या जागेपर्यंत आलं होतं. इथे खुर्ची टाकली तर आईचा दिवस कसा जाईल ते त्यांना समोर दिसलं. घर दाखवता दाखवता आयुष्य गेलं, पण एखादं घर आपल्याला हवंसं कधी वाटलं नव्हतं. ते घाबरलेच.

"दुपारी दुसरं कुटुंब येणार आहे," नर्सबाई म्हणाल्या.

हवेशीररावांनी बायकोला फोन केला. ती दुकानातून धावतपळत आली आणि दारातच म्हणाली, "या वेळी तुम्ही एक शब्द बोलायचा नाही."

हवेशीररावांनी तोंडाला कुलूप लावलं. बायको आणि नर्सबाई स्वयंपाकघर पाहत होत्या, नळ सोडून बघत होत्या. इकडे यांचा जीव टांगणीला. दोघी मागच्या खोलीत आल्या तेव्हा हवेशीरराव भिंतीला पाठ लावून खांबासारखे उभे होते.

"सरका," बायको म्हणाली.

"इथे काय, भिंतच आहे."

"अहो, सरका म्हणते ना! ओलीचं बाईंनी मला स्वयंपाकघरातच सांगितलंय."

हवेशीरराव सरकले. शर्टाला मागे चुना लागला होता.

"गिऱ्हाइकांपुढे करता ते करता, माझ्यापुढेसुद्धा?"

"मला हे घर हवंय," हवेशीरराव म्हणाले. "ओल बघून तू नाही म्हणशील असं वाटलं. आईला खिडकी... मला खरंच हवंय गं."

बायकोने पदर पुढे घेऊन त्यांच्या पाठीवरचा चुना झटकला आणि म्हणाली, "पलंग त्या बाजूला टाकू."

नर्सबाई इतका वेळ गालात हसत होत्या. "आजवर जो आला त्याने या ओलीकडे बोट दाखवून भाडं कमी करायला लावलं," त्या म्हणाल्या. "तिला लपवणारा भाडेकरू पहिलाच! दुपारच्या लोकांना मी कळवते." आणि त्यांनी किल्ली बायकोच्या हातात दिली.

महिनाअखेरीस आई आली. लिफ्ट त्या दिवशी शहाण्यासारखी वागली. हवेशीररावांनी आईला खोलीत आणलं आणि आधी ओलच दाखवली. "इथे जरा ओल आहे आई. नळही खोकतो."

आईने मान हलवली, पण तिचं लक्ष दुसरीकडेच होतं. ती खुर्चीत टेकली आणि हात लांबवून तिने खिडकी उघडली. पडदा फुगून थेट तिच्या तोंडावर आला. मुलाला बाहेर कोणत्या नावाने ओळखतात, हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"अगंबाई!" ती हसून म्हणाली. "किती हवेशीर आहे रे!"

नातींनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघी हसत सुटल्या. बायकोही हसायला लागली. हवेशीररावांचे डोळे भरून आले होते. आता कुठे उभं राहावं ते त्यांना कळेना, म्हणून ते आपले ओलीपुढेच जाऊन उभे राहिले.