आधी आत घ्या

इंझोरीच्या आमच्या शाळेतली जुनी दाखल-खारीज रजिस्टरं स्कॅन होऊन पेनड्राइव्हवर आली, तेव्हा मला वाटलं, आता धूळ खाणं संपलं. पण सगळ्या रजिस्टरांची मिळून एकच अगडबंब पीडीएफ होती आणि तिचं पुढचं पान उघडेपर्यंत माझा चहा निवायचा. मी चिडून दहादा क्लिक करायचो, माउस आपटायचो, आणि ती आणखीच अडून बसायची.

एके दिवशी एक म्हातारे बाबा त्यांच्या जन्मतारखेची नोंद शोधायला आले. स्क्रीनवर फिरणाऱ्या चक्राकडे बघत, मान वर न करताच मी त्यांना "थांबा" म्हणालो. तेवढ्यात शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी डोकावल्या.

"सर, दारातच काहून उभं ठेवलं? आदी आत तं घ्या, मंग इचारा काय इचारायचं ते."

माझी नजर कॉम्प्युटरच्या बाहेर लोंबणाऱ्या पेनड्राइव्हवर गेली. मावशी बरोबर बोलत होत्या. इतके दिवस मी फाइल दारातूनच वाचत होतो. दोन मिनिटं लावून तिची कॉपी कॉम्प्युटरमध्ये घेतली आणि तिथून उघडली. पानं भराभर उलटायला लागली. माझा जीव भांड्यात पडला.

"मावशी, तुम्हाला यातलंही कळतं," असं म्हणायला मी मान वर केली. मावशी उंबऱ्यातल्या बाबांना हात देऊन आत आणत होत्या.