उपकारस्तुतीला भरलेली हुडहुडी

आमच्या ख्रिस्ती मंडळीत कुणी लांबच्या प्रवासाहून सुखरूप परतलं, की घरी उपकारस्तुती ठेवतात. पाळकसाहेब येतात, गाणी होतात, ज्याच्यासाठी देवाचे आभार मानायचे तो उभा राहून देवाने कसं सांभाळलं याची साक्ष देतो आणि मग चहा-चिवडा. मी टांझानियाहून निघालो नव्हतो, तोवर इकडे नाशकात आईने खुर्च्याही सांगून ठेवल्या होत्या.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. चर्चमधल्या काही जणांबरोबर मी तिकडच्या एका खेड्यात मिशनचा दवाखाना उभारायला गेलो होतो. बाकीचे उपदेश करणारे, मी आपला इलेक्ट्रिशियन. उपदेश मला जमत नाही, वायरी जमतात. पण अर्धं सामान वेळेवर पोचलंच नाही आणि दवाखाना अंधारात ठेवून यावं लागलं. पुढच्या वर्षी येऊन काम पुरं करतो, असा शब्द देऊन आलो होतो. हे आईला सांगायची मात्र छाती होत नव्हती. बाबा गेल्यापासून तिला मी एकटाच. जातानाच तिने बजावलं होतं, "तिकडून काही दुखणं घेऊन आलास, तर पुन्हा नाशिक रोडच्या पुढे पाऊल टाकू देणार नाही!"

पाळकसाहेब सटाण्याला एका लग्नात अडकले, म्हणून उपकारस्तुती पुढच्या रविवारवर गेली. आणि नेमकी त्या रविवारी दुपारी मला कणकण आली. अंग मोडून आलं, डोकं ठणकायला लागलं. म्हटलं, झालं! आता आईला कळलं की आमचं टांझानिया संपलं. गुपचूप तापाची एक गोळी घेतली, स्वेटर चढवला आणि हसत दारात उभा राहिलो. भर मे महिन्यात स्वेटर! शेजारच्या मावशींनी विचारलंच, "काय रे, हे काय सोंग?"

"तिकडची फॅशन आहे, मावशी."

दोन गाणी झाली. पाळकसाहेबांनी खूण केली, मी उठलो. "प्रभूने मला सुखरूप..." एवढंच म्हणालो आणि अशी हुडहुडी भरली म्हणता! दात वाजायला लागले, गुडघे लटलटायला लागले, हातातलं गाण्याचं पुस्तक फडफडायला लागलं. मावशींनी डोळे मिटून दोन्ही हात वर केले, "हालेलुया! पवित्र आत्मा उतरला!" मागून कुणीतरी खणखणीत आमेन म्हटलं. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर डुलक्या काढणारा मी, आणि भर सभेत थरथरतोय! पाळकसाहेबांचे डोळे पाणावले. पेटीवाल्याने आपणहून सूर धरला आणि सगळी मंडळी उभी राहून गायला लागली. मला खाली बसायचं होतं हो, पण दोघांनी भक्तिभावाने माझे दंड धरून मला उभं ठेवलं होतं.

आई तेवढी गात नव्हती. ती स्वयंपाकघरातून तरातरा आली, माझ्या मानेवर हात ठेवला आणि ओरडली, "गाणं थांबवा! पोरगं तापाने फणफणलंय!"

पाळकसाहेबांच्या स्कूटरवर मला मध्ये कोंबून दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, मलेरिया निघाला. "मलेरिया होऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्या घरी आल्यावरही काही आठवडे चालू ठेवायच्या असतात, सांगितलं नव्हतं कुणी?" डॉक्टर खवळले. सांगितलं होतं की! पण मुंबईच्या विमानतळावर उतरल्या उतरल्या आमच्यातलेच एक वडीलधारे म्हणाले होते, आता घरी उपकारस्तुती करायची आणि वर गोळ्याही गिळायच्या, म्हणजे देवाचे आभार मानून त्याच्यावरच संशय घ्यायचा. आम्हा सगळ्यांना ते पटलं. सगळ्यांनी गोळ्या बंद केल्या आणि प्रसाद मिळाला एकट्या मला.

पुढचे दिवस वाईट गेले. ताप चढला की मी काहीबाही बरळायचो, आणि आई कॉटच्या दांडीला धरून नुसती बसून राहायची. अखेर ताप उतरला. आई मोसंबी सोलत होती. मी बोलणी खायच्या तयारीत होतो, पण तिने वेगळंच विचारलं.

"तिकडे पोराबाळांना होतो का रे हा ताप?"

"पोरांनाच जास्त होतो."

"मग आया काय करतात?"

"पाठीला बांधतात आणि चालत निघतात. लांबच्या दवाखान्यात. सगळीच पोरं पोचत नाहीत, आई."

"पण तुम्ही बांधलात ना गावात?"

"बांधला. पण त्यात दिवे नाहीत. माझं काम राहिलंय. पुढच्या वर्षी येतो म्हणून सांगून आलोय." बोलून टाकलं एकदाचं आणि डोळे मिटून घेतले.

डोळे उघडले, तर आई पदराने तोंड पुसत होती. मलाही रडू आलं. तशी ती मोसंबीची फोड माझ्या तोंडात कोंबत खेकसली, "खा मुकाट्याने! तू असा लोळत पडलास तर तिथले दिवे कोण लावणार, मी?"