जीव जाऊन राहिला

कोणती भाषा कानाला गोड आणि कोणती कडू, असा विषय चार माणसांत निघाला की मी उठून पाणी प्यायला जाते. बंगाली मधाळ, उर्दू नजाकतीची, असं सुरू होतं आणि मग कोणीतरी हसत म्हणतंच, "तुमची नागपूरची मराठी मात्र, बाई, घासात खडा लागल्यासारखी!" म्हणा बाप्पा. तुमचे कान, तुमची आवड. पण माझं डोकं अजून फिरतं, आणि पाहुण्यांच्या घरात उगीच तोंड सुटायला नको.

खरं तर हा विषय आमच्या घरात रोजचा होता. माझे वडील नागपूरजवळ वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात बुकिंग कारकून होते. अमरावती रोडला ट्रकांची रांग लागायची आणि देशभरचे ड्रायव्हर बाबांच्या टेबलासमोर येऊन आपापल्या भाषेत बोंबलायचे. संध्याकाळी जेवायला बसले की बाबा त्या दिवशीच्या भाषांचा निकाल लावत. पंजाबीबद्दल म्हणत, "तो शिवी देते तरी वाटते, जेवाले बोलावून राहिला." तेलुगू त्यांची सगळ्यांत लाडकी. "भांडतेत तेही तालात!" अर्थ एका शब्दाचा कळत नव्हता त्यांना. ताई, म्हणजे माझी मोठी बहीण, त्यांना डिवचायची, "अन् आपली कशी आहे, बाबा?"

"आपली? आपली काय ऐकाची आहे का वं? ते तं बोलाची आहे."

सत्तर सालानंतर दोनेक वर्षांनी ताईचं लग्न झालं, पुण्याला. मुलगा नोकरीसाठी नागपुरात होता, तिथंच पसंती झाली. माणसं भली, घरात टेलिफोन असलेली. तिच्या सासूबाईंचं बोलणं ऐकून बाबा मांडवातच खूश झाले. "काय गोड बोलते विहीणबाई! पण ताटात मोजून वाढल्यासारखं."

लग्नाच्या आठवड्यातच सासूबाईंनी ताईला हाक मारून विचारलं, "काय करतेस गं?" ती आतून म्हणाली, "भाजी चिरून राहिली." घरभर हशा पिकला. "चिरून कुठे राहिलीस? आमच्याकडेच ना?" आमच्याकडे 'करून राहिली' म्हणजे 'करते आहे'. पुण्यात राहणं म्हणजे मुक्काम करणं, नाहीतर मागे उरणं. एवढाच फरक. ताईसुद्धा हसली म्हणे. पण त्यानंतर ती तोंड उघडायच्या आधी विचार करायला लागली. दिवाळीला आली तेव्हा आमचं 'मले-तुले' सोडून 'मला-तुला' करत होती आणि आई, तिची सख्खी आई, तिच्याशी बोलताना अडखळत होती. बाबा म्हणाले, "हे कोणाची पाहुणी आली वं?" हसतच म्हणाले. मला मात्र ते हसणं बरं वाटलं नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी बाबांच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात ठेवलं, ताईला तार केली. तिनं लगेच पिशवी भरली. नवरा फिरतीवर होता, तो दुसऱ्या दिवशी परतला की दोघांनी संध्याकाळच्या गाडीनं निघायचं ठरलं. इकडे त्याच दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी बाबांना घरी न्यायला सांगितलं. घरी न्या म्हणजे काय, ते आम्हाला कळलं. बाबा डोळे उघडायचे आणि एकच विचारायचे, "मोठी आली का?" ताईला ते मोठी म्हणत.

आई मला घेऊन गोदामात गेली. शेटजींनी ट्रंककॉल लावून दिला. दुपारी लाईन मिळाली. पलीकडून सासूबाई बोलत होत्या. आईनं ना नमस्कार केला, ना चौकशी. म्हणाली, "पोरीले सांगा जी, तिच्या बाबाचा जीव जाऊन राहिला. लवकर पाठवा तिले. वाट पाहून राहिले थे." मी तिच्या हातातून फोन घेऊन कानाला लावला तर नुसती खरखर. लाईन केव्हा तुटली, कोणास ठाऊक. पण निरोप तर गेला होता. आई पदरानं तोंड पुसत म्हणाली, "येते आता माही पोरगी."

दुसऱ्या दिवशीच्या दुपारी गाडी आली. आमचा काका स्टेशनवर जाऊन एकटाच परत आला. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या मागं पाहिलं. दिवेलागणीला ते गेले. मग दुसरी तार केली. ताई पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. पायऱ्यांवरच तिनं हंबरडा फोडला. ते मला लिहवत नाही.

मग ती मला मागच्या नळाशी घेऊन गेली. "आई फोनवर काय म्हणाली होती? नेमकं सांग."

मी म्हटलं, "जीव जाऊन राहिला, असं म्हणाली."

ताईनं ते शब्द स्वतःशी पुन्हा म्हणून पाहिले. "सासूबाईंना एवढंच ऐकू आलं, मग लाईन तुटली. त्यांनी सांगितलं, अगं, जात होता जीव, पण राहिला. आता काळजी नाही. मी पिशवी सोडली गं. देवापुढे शिरा ठेवला. यांना म्हटलं, दमून आलात, पुढच्या आठवड्यात जाऊ."

सासूबाई खोटं बोलल्या नव्हत्या. मी त्यांना नावं ठेवायला किती कारणं शोधली, सापडली नाहीत. त्यांना जे कळलं ते त्यांनी आपल्या स्वच्छ, गोड मराठीत सुनेला सांगितलं, आणि आनंदानं सांगितलं. आईचे ते ओबडधोबड शब्द होते तसे ताईच्या कानावर पडले असते, तर ती अनवाणी धावली असती. फोन तिच्यापासून दहा हातांवर होता. ती स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती.

संध्याकाळी आईनं तिला जवळ बसवलं. रागावून नाही, अगदी साधं विचारलं, "मी सांगतलं होतं नं वं, जीव जाऊन राहिला म्हून? मंग काहून नाही आली? दाराकडंच पाहत होते थे."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. खरं सांगायचं म्हणजे आईला हे सांगायचं, की तुझ्या बोलण्यानंच घात केला. नवरा गेलेल्या बाईला असं कसं सांगणार? ताईनं आईचा हात धरला. किती दिवसांनी ती आमच्यासारखी बोलली.

"लाईन खराब होती, आई. तुया आवाजच नाही आला मले."

आईनं मान हलवली. तिला ते पटलं. त्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली आणि बाबांचा विषय निघाला की दरवेळी आम्हा दोघींना सांगायची, "माहीच चूक झाली वं. मीच हळू बोलली."